वारा सड्यावर, हायड्रोजन किनाऱ्यावर : ऊर्जा विभागाला खुलं पत्र

प्रति,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. सचिव, ऊर्जा विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. महासंचालक, महाऊर्जा, पुणे

विषय : जुन्या पवनचक्क्यांच्या जागी नव्या क्षमतेच्या पवनचक्क्या उभारणे आणि राज्याचं हरित हायड्रोजन धोरण त्यांच्याशी जोडणे.

महोदय,

पाटण तालुक्यातल्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या खडकाळ पठारांवर, पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. वनकुसवडे, चाळकेवाडी, ठोसेघर हा आमचा पट्टा. टॉवरच्या आतल्या शिडीने वर जायचं, गिअरबॉक्सचं तेल बघायचं, ब्रेकचे पॅड बदलायचे, पात्याला तडा दिसला तर मशीन बंद करून कळवायचं. आषाढात धुकं इतकं दाट असतं की खालून पातं दिसत नाही, नुसता आवाज येतो. तशा दिवसांत वीज सगळ्यात जास्त बनते आणि मशीन बंदही तेव्हाच पडतात. हे काम केलेला माणूस म्हणून, आणि या जिल्ह्याचा रहिवासी म्हणून, आपल्यापुढे काही गोष्टी मांडतो आहे.

राज्य मंत्रिमंडळाने जुलै 2023 मध्ये हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं. हरित हायड्रोजन म्हणजे वारा, सूर्य अशा नवीकरणीय विजेने पाण्यातून काढलेला हायड्रोजन. 8,562 कोटी रुपयांची तरतूद आणि 2030 पर्यंत वर्षाला 5 लाख टन उत्पादनाचं उद्दिष्ट. त्याच वर्षी जानेवारीत केंद्राने 19,744 कोटींचं राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियान मंजूर केलं होतं, त्याचं उद्दिष्ट वर्षाला 50 लाख टनांचं. हायड्रोजन मला हवा आहे. धोरण जाहीर झालं तेव्हा आमच्या सगळ्या टीमला आनंद झाला होता. पण तेव्हापासून मी एक गोष्ट बघतो आहे. हायड्रोजनचे करार होतात, आकडे छापून येतात, आणि ज्या विजेतून हा हायड्रोजन बनणार ती वीज पावसाळ्यात आणि रात्री कुठून येणार, हे कोणी सांगत नाही. राज्यातल्या सगळ्यात चांगल्या वाऱ्याच्या जागांवर आजही जुनी, लहान, थकलेली मशीन उभी आहेत.

साधा हिशेब मांडतो. पाण्याचं विघटन करून एक किलो हायड्रोजन काढायला 50 ते 55 युनिट वीज लागते. 5 लाख टन म्हणजे 50 कोटी किलो. म्हणजे वर्षाला साधारण 2,600 कोटी युनिट. राज्यात आज पवनऊर्जेची स्थापित क्षमता 5 हजार मेगावॉटच्या थोडी वर आहे आणि त्यातली बरीच मशीन जुनी आहेत. ही सगळी मिळून वर्षभरात जेवढी वीज देतात, तिच्या साधारण तिप्पट वीज एकट्या हायड्रोजनला लागेल. घरं, पंप, कारखाने यांना आज जी वीज जाते तिला हात न लावता ही नवी वीज उभी करायची आहे.

आणि ती उभी केली नाही तर काय होईल, हेही आकड्यातच सांगतो. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे आज साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, कारण बहुतेक वीज कोळशाची आहे. ग्रिडची वीज घेऊन एक किलो हायड्रोजन बनवला तर 35 किलोच्या पुढे कार्बन डायऑक्साइड सुटेल. आज खत कारखान्यांत आणि रिफायनऱ्यांत नैसर्गिक वायूपासून जो हायड्रोजन बनतो, त्याच्या एका किलोमागे 9 ते 10 किलो सुटतो. म्हणजे ज्याच्या जागी आपण नवं आणणार, त्याच्या साडेतीनपट घाण. केंद्राने ऑगस्ट 2023 मध्ये हरित हायड्रोजनची व्याख्या ठरवली : किलोमागे 2 किलोपेक्षा जास्त नाही, आणि तेही 12 महिन्यांच्या सरासरीने. ही मर्यादा चांगली आहे. सरासरीची मुभा मात्र मला धोक्याची वाटते. दुपारी सौर वीज जास्त घेतली असं कागदावर दाखवायचं आणि रात्री कोळशाच्या विजेवर यंत्र चालवायचं, अशी पळवाट राहू नये. राज्याने आपल्या सवलतींना स्वतःची अट जोडावी : ज्या तासाला हायड्रोजन बनतो त्याच तासाला नवीकरणीय वीज बनलेली असली पाहिजे. सुरुवातीला तासाचं जमणार नसेल तर दिवस आणि रात्र असे दोन भाग तरी करा.

आता वाऱ्याकडे येतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत 16 हजार मेगावॉटचं उद्दिष्ट ठेवून शेतकऱ्याला दिवसा वीज देण्याचं काम चालू आहे. रात्री साप-विंचवात पाणी धरायला जाणाऱ्या माणसाला विचारा, या योजनेची किंमत कळेल. पण सूर्य संध्याकाळी मावळतो आणि मृगापासून उत्तरेपर्यंत तो ढगाआड असतो. नेमक्या त्याच नक्षत्रांत आमच्याकडे वारा सुटतो. सड्यावरच्या मशीनची वर्षाची निम्म्याहून अधिक वीज पावसाळ्याच्या महिन्यांत बनते, आणि त्या दिवसांत तो वारा दिवस-रात्र बघत नाही. उन्हाळ्यातही ऊन कलल्यावर पश्चिमेकडून वारा उठतो. सौर वीज जिथे कमी पडते तिथे भर घालणारा वारा आपल्याला निसर्गानेच दिलेला आहे, आणि महाराष्ट्राइतका चांगला मेळ फार थोड्या राज्यांत बसतो.

हायड्रोजनसाठी या मेळाची किंमत फार मोठी आहे. पाण्याचं विघटन करणारं यंत्र, म्हणजे इलेक्ट्रोलायझर, महाग असतं. फक्त सौर विजेवर ते दिवसाचे पाच-सहा तास चालेल आणि उरलेला वेळ भांडवल बसून राहील. वर्षातले जितके जास्त तास ते चालेल, तितका त्याचा खर्च जास्त किलोंवर वाटला जाईल. हिवाळ्या-उन्हाळ्यात सौर आणि पावसाळ्यात व रात्री वारा, असं मिश्रण केलं तर तेच यंत्र कितीतरी जास्त तास चालतं. पावसाळ्यात शेतीपंपांची मागणी उतरलेली असते, रात्री ती आणखी खाली जाते, आणि त्याच वेळी वारा जोरात असतो. तेव्हाची वीज घ्यायला कोणीतरी गिऱ्हाईक हवं. हायड्रोजन हे ते गिऱ्हाईक होऊ शकतं. वारा आणि हायड्रोजन यांचा विचार एकत्र करा असं मी म्हणतो, ते यासाठी.

या दोघांची जोडी नवी नाही. डेन्मार्कमधल्या आस्कोव गावी पॉल ला कूर नावाच्या शिक्षकाने 1891 मध्ये पवनचक्कीवर वीज बनवली. वारा पडल्यावर काय, हा प्रश्न त्यालाही पडला. त्याने त्या विजेने पाण्यातून हायड्रोजन काढला, साठवला, आणि त्यावर शाळेचे दिवे लावले. हायड्रोजनमध्ये थोडा ऑक्सिजन मिसळून राहिला की स्फोट व्हायचे आणि खिडक्यांच्या काचा फुटायच्या, हेही त्याच इतिहासात आहे. आपल्या देशात पंजाबातल्या नांगलला 1961 मध्ये खत कारखाना सुरू झाला. भाक्राच्या जलविद्युतेवर तिथे पाण्यापासून हायड्रोजन, हायड्रोजनपासून अमोनिया आणि अमोनियापासून खत बनत होतं.  पुढे वीज कमी पडू लागली आणि ती पद्धत मागे पडली. म्हणजे साठ वर्षांपूर्वी भारताला हे जमत होतं. अडलं ते विजेपाशी, आणि आज आपणही त्याच ठिकाणी अडणार आहोत.

मग वीज कुठून? माझं उत्तर : आधी जुन्या सड्यांवरून.

1990 च्या दशकाच्या शेवटी आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सातारा, सांगली, धुळे, अहिल्यानगर या जिल्ह्यांत पवनचक्क्या भराभर उभ्या राहिल्या. पहिल्याच वर्षी 80 ते 100 टक्के घसारा मिळत होता, म्हणजे मशीनची जवळपास सगळी किंमत करपात्र उत्पन्नातून वजा करता येत होती, त्यामुळे वाऱ्याशी काही संबंध नसलेल्या व्यापाऱ्यांनी आणि कंपन्यांनीही कर वाचवायला मशीन घेतली. वीज नियामक आयोगाने 2003 मध्ये युनिटला 3 रुपये 50 पैसे दर दिला, दरवर्षी 15 पैसे वाढ, 13 वर्षांसाठी. त्या काळात ही धोरणं योग्य होती, त्यांच्यामुळेच हा उद्योग महाराष्ट्रात रुजला आणि पुणे पवनऊर्जेचं मोठं केंद्र बनलं. पण त्यातून सगळ्यात उत्तम वाऱ्याच्या जागी 230 किलोवॉट, 350 किलोवॉट अशी लहान मशीन दाटीवाटीने बसली. त्यांचे करार केव्हाच संपले. सुटे भाग मिळत नाहीत. एक मशीन चालू ठेवायला दुसऱ्या बंद मशीनचे भाग काढावे लागतात.

पवनऊर्जेचं गणित असं आहे की वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्यातली ऊर्जा आठपट होते. वेग फक्त 10 टक्के वाढला तरी ऊर्जा 33 टक्के वाढते. उंचावर वारा जास्त आणि सलग असतो. आमच्या जुन्या 350 किलोवॉटच्या मशीनच्या पात्यांचा फिरण्याचा व्यास 33 मीटरच्या आसपास, आजच्या 3 मेगावॉटच्या मशीनचा 140 मीटरच्या वर. वारा अडवणारं क्षेत्र त्यामुळे 18 पट होतं. राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेच्या अंदाजात महाराष्ट्राची क्षमता 100 मीटर उंचीवर 45 हजार मेगावॉट आहे, तीच 120 मीटरवर 98 हजार होते. राज्य तेच, वारा तोच. फरक आहे तो टॉवरच्या उंचीचा.

केंद्राने जुनी मशीन बदलण्याचं धोरण 2016 मध्ये आणलं, डिसेंबर 2023 मध्ये ते सुधारलं. तरी सड्यावर फार काही हललेलं नाही, आणि त्याची कारणं आम्हाला रोज दिसतात. दहा लहान मशीनच्या जागी एक मोठं बसवायचं तर दहा मालक एकत्र आले पाहिजेत. त्यातला एक मुंबईत, एकाची कंपनी बंद, एकाच्या वारसांमध्ये वाद. जमिनीचे तुकडे वेगळे, करार वेगळे, मीटर वेगळे. जुनं मशीन रडतखडत का होईना वीज देतं आणि मालकाचं कर्ज फिटलेलं आहे, मग नव्या गुंतवणुकीत तो कशाला पडेल? हे कोडं एकेका मालकाने सोडवायचं नाही, सरकारनेच मध्ये पडलं पाहिजे. प्रत्येक सड्यासाठी एक संयुक्त कंपनी काढा. जुन्या मालकांना त्यांच्या क्षमतेच्या प्रमाणात समभाग द्या, जमीनमालकांना त्यांच्या क्षेत्राच्या प्रमाणात. जो एकटाच अडून बसेल त्याच्यासाठी वाजवी किमतीला बाहेर पडण्याची कायदेशीर वाट ठेवा. दुसरी अडचण रस्त्याची. आजचं एक पातं 70 मीटर लांब असतं आणि आमच्या घाटातली वळणं आपण पाहिलेली आहेत. सार्वजनिक बांधकाम विभागाने कोणत्या वळणावर किती रुंदी लागेल याचं सर्वेक्षण एकदाच करावं. प्रत्येक कंपनीने स्वतःचा डोंगर फोडला तर सडा उरणार नाही. आणि जिथे मोठं पातं चढणारच नाही, तिथे मधल्या आकाराचं मशीन बसवा. मोठंच हवं असा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

सड्याबद्दल एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांचा चाळकेवाडीचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी जवळपास चौपट कमी आढळले, आणि त्यामुळे तिथल्या सरड्यांची संख्या वाढली, त्यांचं वागणंही बदललं. म्हणजे पवनचक्की निसर्गाला काहीच करत नाही, हा दावा खरा नाही. मी या उद्योगातला असूनही हे लिहितो, कारण याच कारणासाठी मशीन बदलली पाहिजेत. दहा टॉवरच्या जागी एक आला, तर नऊ चौथरे, नऊ वाटा आणि तेवढ्या तारा निघतील. पण ते निघाले पाहिजेत. जुना चौथरा, भंगार, तेलाने माखलेली माती तशीच ठेवून कंपनीला जाता येणार नाही, अशी अनामत आधीच भरून घ्या. पक्ष्यांच्या मुख्य वाटांवर नवं मशीन नको. सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाची हद्द आणि कासचं पठार यांच्याजवळ तर नवा विस्तार नकोच, आहे तेवढ्याच जागेत काम भागवा.

एवढं सांगून हेही सांगितलं पाहिजे की बांधकामापासून मोडतोडीपर्यंत सगळं धरलं तरी वाऱ्याच्या एका युनिटमागे 11-12 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड येतो आणि कोळशाच्या युनिटमागे 800 ग्रॅमच्या पुढे. चंद्रपूरच्या माणसाला कोळशाच्या राखेबद्दल विचारलं की वाऱ्याचं मोल समजतं.

आता ही वीज आल्यावर हायड्रोजन कशासाठी वापरायचा. इथे माझी मतं ठाम आहेत आणि ती काही जणांना पटणार नाहीत.

हायड्रोजनचं मोठेपण त्याच्या रसायनात आहे. किलोमागे 33 युनिट ऊर्जा, जळला की पाणी, आणि लोखंडाच्या खनिजातून ऑक्सिजन ओढून घेण्याची, नायट्रोजनशी जोडून अमोनिया बनवण्याची ताकद. ही कामं थेट वीज करू शकत नाही. पण हायड्रोजन भयंकर हलका आहे. साध्या दाबाला एक किलो हायड्रोजन 11 घनमीटर जागा व्यापतो. द्रव करायचा तर उणे 253 अंशांपर्यंत थंड करावा लागतो. 200 बार, म्हणजे हवेच्या सुमारे 200 पट दाबाच्या नळकांड्यांचा ट्रेलर घाटातून नेला तर 40 टनांच्या गाडीत जेमतेम 300-400 किलो हायड्रोजन जातो. म्हणून हायड्रोजन सड्यावर बनवून ट्रकने खाली आणायचा विचारही करू नका. वीज तारेने न्या, हायड्रोजन जिथे लागतो तिथेच बनवा.

आणि तो लागतो कुठे? नकाशावर बघा. ट्रॉम्बेला आणि थळला आरसीएफचे (राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स) खत कारखाने. माहुलला दोन रिफायनऱ्या. तळोजाला अमोनियाचा प्रकल्प. डोलवीला पोलाद. एवढी मागणी मुंबई ते अलिबाग या एका पट्ट्यात आहे, आणि साताऱ्याचे सडे तिथून काही तासांच्या अंतरावर. देशात फार थोड्या ठिकाणी वारा आणि हायड्रोजनचं गिऱ्हाईक इतके जवळ आहेत. महापारेषणने, म्हणजे राज्याच्या वीज वाहून नेणाऱ्या कंपनीने, सह्याद्रीच्या माथ्यावरून या पट्ट्यात वीज उतरवण्याची पुरेशी क्षमता आधी बांधली, तर निम्मं काम झालं.

त्यातही आधी अमोनिया. एक टन हरित अमोनिया बनवायला साधारण 10 हजार युनिट लागतात. 3 मेगावॉटचं एक मशीन चांगल्या सड्यावर वर्षाला 80 लाख युनिट देऊ शकतं, म्हणजे 800 टन अमोनिया. इथे एक बारकावा आहे, तो धोरणात यायला हवा. युरिया बनवायला अमोनियाबरोबर कार्बन डायऑक्साइडही लागतो, आणि तो आज नैसर्गिक वायूपासूनच मिळतो. म्हणून युरियाच्या कारखान्यात पूर्ण हायड्रोजन एकदम बसत नाही. पण सुफला, डीएपीसारखी मिश्र आणि संयुक्त खतं, ज्यांना नुसता अमोनिया लागतो, तिथे हरित अमोनिया सरळ वापरता येतो. देश हा अमोनिया मोठ्या प्रमाणात आयात करतो. आखातात काही बिनसलं की त्याचा भाव चढतो आणि माझ्या भावाच्या सोयाबीनच्या खताची गोण महागते. केंद्राच्या 2025 च्या लिलावांत हरित अमोनियाचा भाव किलोला 55 रुपयांच्या आसपास आला. तो आयात अमोनियापेक्षा अजून महाग आहे, पण काही वर्षांपूर्वी कोणी अंदाज केला असता त्यापेक्षा पुष्कळ खाली आहे. राज्याच्या 8,562 कोटींतला पहिला पैसा या दोन भावांमधलं अंतर भरण्यासाठी जावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

गाड्यांचं काय? ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साथीने बनवलेली देशी हायड्रोजन बस रस्त्यावर आली. त्या शास्त्रज्ञांचा मला अभिमान आहे आणि ते संशोधन चालू राहिलं पाहिजे. पण शहरातल्या बसला बॅटरी पुरते. 100 युनिट विजेतून हायड्रोजन बनवून, दाबून, इंधन-घटात पुन्हा वीज करून चाक फिरवलं तर 30-35 युनिटचं काम होतं. बॅटरीत तेच 70 ते 80. वीज आपल्याकडे उतू जात असती तर चाललं असतं. लांबचे अवजड ट्रक, जहाजं, जवाहरलाल नेहरू बंदरातून पुढे जाणारी इंधनं, इथे हायड्रोजन किंवा अमोनियाला जागा असू शकते. तीनचाकी आणि दुचाकी गाड्यांसाठी हायड्रोजनची जाहिरात करण्यात सरकारने वेळ घालवू नये.

विजेची साठवण म्हणूनही हायड्रोजन पहिला पर्याय नाही, निदान साताऱ्यात तरी नाही. आमच्या सड्यांच्या पायथ्याशीच कोयना आहे, 1,960 मेगावॉटची. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्याला मर्यादा घातलेली आहे, वर्षाला 67.5 टीएमसी. वारा जोरात असेल तेव्हा टर्बाइन थांबवून ते पाणी राखलं, तर एप्रिल-मेच्या संध्याकाळी ते कामाला येतं. हीच साठवण. घाटघरसारखे, पाणी वर उपसून साठवणारे प्रकल्प 100 युनिटमागे 75 ते 80 परत देतात. कोयनेचं आणि पवनचक्क्यांचं रोजचं नियोजन एकत्र करायला नवं भांडवल फार लागणार नाही, वाऱ्याचा पुढच्या दिवसाचा अंदाज आणि दोन कार्यालयांमधला समन्वय लागेल.

पाण्याबद्दल लोकांच्या मनात भीती आहे. माण, खटाव, जत इथल्या माणसाला ती वाटणारच, म्हणून आकडा सांगतो. रसायनाच्या हिशेबाने एक किलो हायड्रोजनला 9 लिटर पाणी लागतं. शुद्धीकरण आणि यंत्र थंड ठेवणं धरून 30 लिटर पकडू. 5 लाख टनांसाठी 1,500 कोटी लिटर, म्हणजे जेमतेम अर्धा टीएमसी. कोयनेची साठवण 105 टीएमसीची आहे. राज्याच्या पातळीवर हे पाणी जास्त नाही. पण अर्धा टीएमसी जतच्या तलावातून उचलला तर तिथलं गाव उठेल. म्हणून दुष्काळी तालुक्यात इलेक्ट्रोलायझरला परवानगीच नको. किनाऱ्यावर समुद्राचं पाणी गोडं करायला हजार लिटरला 3-4 युनिट लागतात, हायड्रोजनच्या खर्चात ते दिसणारही नाहीत. मुंबईचं सांडपाणी शुद्ध करून कारखान्यात वापरण्याचं काम ट्रॉम्बेला आरसीएफने अनेक वर्षांपूर्वीच करून दाखवलं आहे. वाट तयार आहे.

सुरक्षेचा विषय थोडक्यात, पण तो थोडका नाही. हायड्रोजनला वास नाही, ज्योत दिवसा दिसत नाही, हवेत 4 ते 75 टक्के कितीही मिसळला तरी पेट घेऊ शकतो, आणि साध्या पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. शिवाय गळून हवेत गेला तर 100 वर्षांच्या हिशेबात त्याचा तापमानवाढीवरचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 11 पट आहे. गळती शोधणारी माणसं लागतील. अलिबाग, पेण, पनवेलच्या आयटीआयमध्ये या विषयाचा अभ्यासक्रम आत्ता सुरू झाला तर प्रकल्प उभे राहताना आपली मुलं तयार असतील. आमच्या पाटण, कराडच्या मुलांनाही त्यात जागा ठेवा. उंचीवर दोराने काम करायची सवय असलेली पोरं आहेत, शिकायला वेळ लागणार नाही.

शेवटी माणसांचं. बीड जिल्ह्यात पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या प्रकरणाशी जोडलेल्या घटनांत डिसेंबर 2024 मध्ये एका सरपंचाचा खून झाला. सारा महाराष्ट्र हादरला. जमिनीचा व्यवहार अंधारात होतो, गावात दलाल शिरतात, कोणाला किती मिळालं ते कोणालाच कळत नाही, तिथे दहशत वाढते. प्रत्येक प्रकल्पाचा जमिनीचा दर, तारेखालच्या जमिनीचा मोबदला, रस्त्याची भरपाई, हे सगळं ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि महाऊर्जाच्या संकेतस्थळावर मराठीत असलं पाहिजे. ग्रामपंचायतीला एकरकमी देणगी नको, दर युनिटमागे ठरलेला वाटा हवा, मशीन चालेल तोपर्यंत. ज्या वाडीच्या डोक्यावर पातं फिरतं त्या वाडीत डीपी जळून आठ-आठ दिवस अंधार असतो. याची लाज आपल्या सगळ्यांना वाटली पाहिजे. नव्या मशीनची परवानगी देताना त्या वाडीची लाइन सुधारण्याची अट घाला, ती पूर्ण झाल्याशिवाय मशीन ग्रिडला जोडू देऊ नका.

माझी तातडीची मागणी एवढीच आहे. राज्यातल्या 1 मेगावॉटपेक्षा लहान अशा प्रत्येक जुन्या पवनचक्कीची यादी प्रसिद्ध करा : ती कुठे आहे, कोणत्या वर्षीची, गेल्या तीन वर्षांत तिने किती युनिट दिले, करार चालू आहे की संपलेला. ही माहिती महावितरण आणि महाऊर्जाकडे आहेच. त्या यादीवरून एक सडा निवडा, आमचाच निवडा असा माझा हट्ट नाही, धुळ्याचा ब्राह्मणवेलही चालेल. तिथे संयुक्त कंपनीचा पहिला प्रयोग करा आणि तिथली वीज घेण्याचा करार किनाऱ्यावरच्या एका अमोनिया प्रकल्पाशी लावून द्या. मालकांची पहिली बैठक जूनमध्ये, सड्याखालच्या गावात ठेवा. जमीनमालक, ग्रामपंचायत आणि आमच्यासारखे कामगार यांना त्यात बसायला जागा द्या. या पत्रातला कोणताही आकडा समोर बसून तपासून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक पवनचक्की तंत्रज्ञ,
ता. पाटण, जि. सातारा